काटा मधेच होता

विजूताईंच्या हातात गाडी तापते, ही बातमी मयूर विहारमधल्या त्यांच्या सोसायटीत पसरायला दोन दिवससुद्धा लागले नाहीत. आणि पसरवली कोणी, तर त्यांच्याच यजमानांनी. बाळ खांबेटे रोज सकाळी पार्कात चार फेऱ्या मारतात, आणि तेवढ्यात घरातल्या चार गोष्टी बाहेर सोडून येतात. "मिसेस मीटर देखती नहीं, माला जपती रहती हैं," असं त्यांनी तिथल्या मंडळींना हसत हसत सांगितलं. ते फिरून विजूताईंच्या कानावर आलं दुधाच्या बूथवर. शेजारच्या ब्लॉकमधल्या बाईंनी अगदी काळजीच्या सुरात सल्ला दिला, "भाभीजी, जरा ध्यान से चलाया करो. गाडी भी बूढी है, आप भी…" पुढचं त्या बाईंनी गिळलं.

विजूताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पिशव्या घेऊन त्या घरी आल्या, हातपाय धुतले, देवापुढे निरांजन लावलं आणि हात जोडून पहिलं वाक्य बोलल्या ते हे: "देवा, काटा मधेच होता. तू पाहिलं आहेस."

विजयालक्ष्मी खांबेटे हे त्यांचं पूर्ण नाव, पण इतकं लांब नाव फक्त लायसन्सवर आहे. मिरजेहून लग्न होऊन दिल्लीत आल्या त्याला छत्तीस वर्षं झाली. यजमान सरकारी ऑफिसातल्या हिशेब खात्यातून निवृत्त झालेले, एक मुलगा धीरज. उपासतापास, चतुर्थी, एकादशी, गुरुवारची आरती यांत कधी खंड नाही. गाडी शिकावी असं त्यांच्या मनातही नव्हतं. पण नऊ वर्षांपूर्वी एका दुपारी सासूबाई न्हाणीघरात पडल्या. यजमान दौऱ्यावर, धीरज बंगलोरला. तीन रिक्षावाले म्हातारीकडे बघून "उधर नहीं जाना" म्हणून निघून गेले. खाली यजमानांची गाडी धुतलेली, पुसलेली, नुसती उभी होती. त्या गाडीकडे बघत विजूताई पाऊण तास रस्त्यावर उभ्या राहिल्या. पुढच्या सोमवारी त्यांनी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं. वय वर्षं बावन्न. "या वयात?" असं यजमानांनी विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "मग कोणत्या? पुढच्या जन्मात?"

तेव्हापासून ती छोटी लाल पेट्रोल गाडी जास्त त्यांच्याच हातात असे. यजमान रविवारी चालवत. गेल्या दिवाळीपासून विजूताईंनी एक काम अंगावर घेतलं होतं. कुसुमावती राजवाडे, वय एक्क्याऐंशी, एकट्या राहतात. त्यांचा खांदा मोडला होता. दर सोमवारी आणि गुरुवारी त्यांना हिंदूराव हॉस्पिटलला व्यायामाच्या उपचारासाठी न्यायचं आणि परत आणायचं. मेट्रो बदलणं कुसुमावतींना जमत नाही. टॅक्सीवाले काठी बघून तोंड वाकडं करतात. म्हणून विजूताई. "तू नाहीस तर माझा हात असाच लोंबकळत राहणार गं," असं कुसुमावती म्हणत, आणि ते खरंच होतं.

गाडी पहिल्यांदा तापली ती याच फेरीत. फेब्रुवारीचा शेवट, कश्मीरी गेटच्या अलीकडे गाड्यांची रांग, पुढे काहीच हलेना. एकाएकी बॉनेटच्या फटीतून पांढरी वाफ. विजूताईंनी गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं, कुसुमावतींना फुटपाथवर सावलीत बसवलं. आणि सगळ्यात आधी काय केलं, तर मीटर पाहिलं. तापमानाचा काटा मधोमध. रोज असतो तिथेच. आठवड्यानं पुन्हा तेच. तीच जागा, तशीच वाफ, आणि काटा पुन्हा मधोमध.

"असं होत नाही," यजमान म्हणाले. "गाडी तापली म्हणजे काटा वर गेला असणारच. तुझं लक्ष नव्हतं."

"अहो, मी पाहिला. दोन्ही वेळा."

"वाफ आल्यावर पाहिलास. तोपर्यंत उतरला असेल."

"वाफ येत असताना काटा उतरतो होय? चहा उकळत असताना थर्मामीटर थंडी वाजल्यासारखा वागतो का कधी?"

"माझ्या हातात का तापत नाही मग?"

तेही खरं होतं. रविवारी यजमान तीच गाडी घेऊन गुडगावला धीरजकडे जाऊन आले, टोलच्या रांगेत अर्धा तास उभे राहिले, काही झालं नाही. सगळं घर एका बाजूला आणि विजूताई एका बाजूला.

गाडी सर्व्हिस सेंटरला नेली. तिथल्या तरुण सल्लागारानं कॉम्प्युटर जोडला, कोणताही बिघाड दाखवत नाही म्हणाला. मग तो आणि यजमान एक चक्कर मारून आले. काचा वर, एसी पूर्ण सोडलेला, दोघं गारेगार होऊन उतरले. "सर, गाडी एकदम ओके है."

विजूताई तोवर एक गोष्ट मनाशी धरून बसल्या होत्या. मधल्या एका गुरुवारी कचऱ्याच्या ट्रकच्या मागे सापडल्यामुळे त्यांनी काचा लावून एसी सुरू केला होता. एरवी त्या फेरीत एसी नसतो. एसीच्या वाऱ्यानं कुसुमावतींचा कफ वाढतो, त्या खोकून खोकून हैराण होतात. त्या दिवशी मात्र कुसुमावती शालीत डोकं घालून बसल्या, आणि कश्मीरी गेटला नेहमीपेक्षा जास्त वेळ अडकूनही गाडी तापली नाही. हे त्यांनी सल्लागाराला सांगितलं. "एसी बंद रहता है तब गरम होती है. चालू हो तो नहीं होती."

तो पोरगा हसला. तोंड लपवूनसुद्धा नाही, उघड हसला. "मॅडम, उल्टा बोल रही हैं आप. एसी से लोड बढता है." आणि मग त्यांच्या डोक्यावरून यजमानांकडे बघत, "सर, मॅडम को बस मीटर पे नजर रखने का बोलिए. वैसे गाडी पुरानी है, एक्सचेंज का सोचिए. एक बार इंजन बैठ गया तो कुछ नहीं मिलेगा."

यजमानही हसले. त्याच्याबरोबर हसले! छत्तीस वर्षांच्या संसारात विजूताईंनी पुष्कळ पाहिलं होतं, पण परक्या पोरानं आपल्या बायकोला खुळ्यात काढावं आणि नवऱ्यानं त्याला हसून साथ द्यावी, हे नवीन होतं. परतीच्या वाटेवर विषय गाडी विकण्याचाच. यजमान बोलत होते. पाडवा जवळ आला आहे, मुहूर्तावर मोठी गाडी घेऊ, ही देऊन टाकू. जयेश म्हणून एक जुन्या गाड्यांचा व्यवहार करणारा आहे, तो रविवारी अकरा वाजता बघायला येतो आहे.

"आणि मोठी गाडी मी चालवायची ना?" विजूताईंनी शेवटी विचारलं.

"बघू गं. ती तुला झेपायची नाही. रस्ते काय झालेत बघतेस ना. तू आपली शांतपणे मागे बसून जप कर."

रात्री धीरजचा फोन आला. त्याचं मराठी गुडगावला राहून राहून बरंच विरळ झालं आहे. "आई, चिल ना यार. बाबा बिल्कुल सही बोलतायत. तुझ्या सेफ्टीसाठीच आहे. कॅब बुक करून देईन ना मी."

"कुसुमावतींना कॅबमध्ये कोण उचलून बसवणार? तुझं अॅप?"

"आई, तू पण ना…"

विजूताईंनी फोन ठेवला. आज गुरुवार. हातात दोन दिवस होते. रविवारी अकराला किल्ली दुसऱ्याच्या हातात जाणार, आणि तीसुद्धा हा डाग लावून, की बाई काटा बघत नव्हती.

शुक्रवारी सकाळी पूजा आटोपून त्या जपमाळ घेऊन खाली पार्किंगमध्ये गेल्या. बॉनेट उघडून काठी लावली. इंजिन सुरू केलं, एसी बंद. मग गाडीसमोर उभ्या राहून माळ ओढायला लागल्या. त्यांची एक माळ पाच मिनिटांत होते, कधी सहा. घड्याळापेक्षा त्यांचा माळेवर भरवसा जास्त, कारण घड्याळाकडे बघायला लागलं की मन भटकतं.

पहिली माळ झाली. रेडिएटरमागचा पंखा गप्प. दुसरी झाली. गप्प. रखवालदार येऊन विचारून गेला, "माताजी, गाडी की पूजा है?" वरच्या मजल्यावरचे निवृत्त ब्रिगेडियर फिरून येताना थांबले, बॉनेटमध्ये डोकावून म्हणाले, "मॅडम, बॅटरी चेक करा." तिसऱ्या माळेच्या मध्यावर पाण्याच्या पांढऱ्या टाकीत बुडबुडे यायला लागले, वर जाणाऱ्या जाड रबरी नळीजवळ हात नेला तर धग लागली. पंखा अजून गप्प. विजूताई वाकून खिडकीतून मीटर पाहून आल्या. काटा मधोमध. साळसूद. इतका साळसूद काटा त्यांनी आयुष्यात पाहिला नव्हता.

त्यांनी आत हात घालून एसीचं बटण दाबलं. चार मणी सरकले नाहीत तोच पंखा घर्रकन फिरायला लागला. आणखी एक माळ झाली आणि टाकीतले बुडबुडे बसले.

"बघ रे नारायणा," त्या मोठ्यानं म्हणाल्या. रखवालदारानं लांबूनच हात जोडले.

यजमानांना सांगायला वर जाण्यात अर्थ नव्हता. ते पुन्हा हसले असते. त्यांनी गाडी थंड होऊ दिली, एसी लावला आणि थेट त्रिलोकपुरीच्या रस्त्यावर विष्णूकडे गेल्या. विष्णू म्हणजे गाड्यांची वायरिंग बघणारा इलेक्ट्रिशियन. पत्र्याची टपरी, आत दोन माणसं मावत नाहीत. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाड्या त्याच्याकडे यायच्या, म्हणून ओळख.

विजूताईंनी सांगायला सुरुवात केली, "गाडी गरम होती है, सिग्नल पे…"

विष्णूनं हात पुसत मधेच विचारलं, "एसी बंद था कि चालू?"

विजूताई त्याच्या स्टुलावर मटकन बसल्या. महिनाभरात इतक्या पुरुषांनी इतकं काही सांगितलं होतं. विचारलं कोणीच नव्हतं. हा पहिला.

"बंद," त्या म्हणाल्या. "और काटा बीच में रहता है. कोई मानता नहीं."

"मानेंगे कैसे, सब एसी में घूमते हैं." विष्णूनं बॉनेट उघडलं. मग त्यानं त्यांना समजावून सांगितलं ते असं: पंखा दोन जणांच्या सांगण्यावरून फिरतो. एसी लावला की एसी त्याला फिरवतो, पाणी गरम असो की गार. एसी नसेल तर पाण्यात बुडवलेला एक छोटा सेन्सर आहे, तो कॉम्प्युटरला सांगतो की पाणी तापलं, आता फिरव. मीटरचा काटाही त्याच सेन्सरचं ऐकतो. तोच खोटं बोलायला लागला तर पंखाही फसला आणि काटाही.

इंजिन चालू ठेवून त्यानं त्या सेन्सरची पिन उपटली. दुसऱ्या क्षणाला पंखा पूर्ण वेगानं घोंघावायला लागला. "देखिए. पंखा ठीक, मोटर ठीक, तार ठीक. सेन्सर से खबर आनी बंद हुई तो कॉम्प्युटर डर गया, बोला, चलाओ भाई. जब तक खबर आ रही थी, झूठी आ रही थी. इसलिए मशीन में भी कुछ नहीं दिखा."

गाडी पूर्ण थंड व्हायला तास लागला. घाईनं उघडलं तर उकळतं पाणी अंगावर येतं, असं म्हणून तो बसून राहिला, आणि विजूताईही. मग त्यानं पान्यानं सेन्सर काढला. बोटाच्या पेराएवढा पितळी तुकडा. त्यावर पांढरा, खरबरीत थर, जसा गीझरच्या कॉइलवर चढतो. शेजारच्या चहावाल्याच्या उकळत्या पातेल्यातून त्यानं एका स्टीलच्या ग्लासात पाणी घेतलं, नवा सेन्सर आपल्या वीज मोजायच्या मीटरच्या तारांना जोडून त्यात बुडवला. पाणी जितकं गरम तितका हा आकडा उतरतो, असं तो म्हणाला, आणि आकडा झरझर खाली आला. मग जुना बुडवला. आकडा अर्ध्या वाटेवर येऊन अडून बसला. उकळतं पाणी त्याला रोजच्याइतकंच गरम वाटत होतं.

"ऊपर से परत, अंदर से गला हुआ," विष्णू म्हणाला. "टंकी में पानी कौन सा डालते हो आप लोग? इसमें कूलंट डलता है, मिलाना हो तो बॅटरी वाला साफ पानी. ये तो खारा पानी है."

विजूताईंनी तो तुकडा हातात घेतला. तो थर त्यांनी ओळखला होता. रोज बघत होत्या. त्यांच्या स्वयंपाकघरात पाणी शुद्ध करायचं मशीन आहे, त्यातून जे टाकाऊ पाणी निघतं ते ओट्याखालच्या निळ्या बादलीत जमतं. त्या बादलीच्या कडेला अस्साच पांढरा थर बसतो, चिंच घासली तरी जात नाही. आणि ती बादली दर रविवारी खाली नेऊन यजमान गाडी धुतात. पाण्याचा थेंब वाया जाऊ देत नाहीत, याचा त्यांना फार अभिमान. सोसायटीच्या ग्रुपवर त्यांनी बादलीसकट फोटो टाकला होता, चाळीस जणांनी हात जोडले होते. गाडी धुऊन झाली की त्याच बादलीतला एक मग ते बॉनेट उघडून पांढऱ्या टाकीत ओतायचे. "गाडीलाही तहान लागते," असं वर म्हणायचे.

मशीन ज्या पाण्यातला खार काढून टाकतं, तो सगळा खार त्या बादलीत. आणि बादलीतून गाडीच्या पोटात. दोन वर्षं, दर रविवारी.

आणि काटा कोण बघत नाही? विजू!

विष्णूनं रेडिएटर दोनदा धुतला, नवा सेन्सर बसवला, हिरवं कूलंट भरलं. मग एसी बंद ठेवून दोघं इंजिनासमोर उभे राहिले. विजूताईंची तिसरी माळ सुरू होताच पंखा आपणहून फिरला, थोड्या वेळानं आपणहून थांबला, पुन्हा फिरला. काटाही जागच्या जागी किंचित हलत होता, जिवंत माणसासारखा. परत जाताना विजूताई वाकडी वाट करून कश्मीरी गेटपर्यंत गेल्या, एसी बंद, आणि त्या रांगेत मुद्दाम अडकल्या. वाफ आली नाही. त्यांना रडू यायला लागलं, पण मागच्यानं हॉर्न मारला म्हणून राहिलं.

घरी यजमान चहाची वाट बघत होते. विजूताईंनी बशी आणली. तीत बिस्किटं नव्हती, सेन्सर होता.

"हे काय?"

"हे तुमचं पाणी."

त्यांनी सगळं सांगितलं. पंखा, पिन, उकळतं पातेलं, निळी बादली. यजमानांनी तो तुकडा चष्म्याखाली धरून फिरवून पाहिला. बराच वेळ पाहिला. मग म्हणाले, "मग हे आधीच सांगायचं ना!"

विजूताईंच्या हातातली गाळणी तशीच राहिली. "आधी? आधी काय सांगत होते मी? काटा मधेच होता, हे महिनाभर कोण सांगत होतं? भिंती?"

"तसं नाही गं. म्हणजे नीट, कारणासकट…"

"कारण तुम्ही दर रविवारी मगानं ओतत होतात, आणि ते मी सांगायचं? त्या पोराबरोबर हसायला कारण लागलं नाही ते तुम्हाला?"

यजमानांनी सेन्सर परत बशीत ठेवला. मग म्हणाले, "बरं, झालं ते झालं. गाडी ठीक झाली ना, आता चांगली विकली जाईल."

शनिवारी दिवसभर विजूताई घरात एक अक्षर बोलल्या नाहीत. स्वयंपाक वेळेवर, पूजा वेळेवर, ताट समोर, पण शब्द नाही. संध्याकाळी धीरजचा फोन आला. यजमानांनी स्पीकरवर ठेवला. "आई, बाबांनी सांगितलं. सो स्वीट यार, तू तर मेकॅनिक झालीस! चलो, आता मॅटर क्लोज."

"मॅटर मी उघडला नव्हता, धीरज," विजूताई म्हणाल्या. "आई काटा बघत नाही, हे तू मावशीला, काकाला, अक्षताच्या माहेरी, सगळ्यांना सांगितलंस. आता तितक्याच जणांना बाबा कोणतं पाणी घालत होते ते सांग. मग क्लोज."

पलीकडून अक्षता, धीरजची बायको, खुदकन हसल्याचा आवाज आला. "आई, मी सांगते," ती म्हणाली. "मला मजा येईल."

फोन ठेवल्यावर विजूताई यजमानांच्या समोरच्या खुर्चीत बसल्या. "आता जयेशला फोन लावा. उद्या येऊ नका म्हणावं."

"अगं, पण मोठी गाडी…"

"मोठी घ्या, हत्ती घ्या. ही माझ्याकडे राहील. सोमवारी कुसुमावतींना न्यायचं आहे."

"बरं. तूच बोल त्याच्याशी."

"मी काय बोलू? माझ्या हातात काही बिघडलंच नव्हतं."

यजमानांनी नंबर लावला. चार वेळा घसा खाकरला. "हां जयेशजी, नमस्ते. वो कल का… रहने दीजिए. नहीं नहीं, दाम की बात नहीं. गाडी ठीक हो गई. सेन्सर था." मग विजूताईंकडे पाहिलं. त्या उठल्या नव्हत्या. "पानी… पानी गलत डल गया था. हां. मैंने डाला था."

फोनमधून जयेशचं मोठं हसणं खोलीभर ऐकू आलं. "अरे सर, आप क्यूँ अपने ऊपर ले रहे हैं! लेडीज के हाथ में गाडी हो तो ये सब होता ही है."

विजूताईंनी यजमानांच्या हातातून फोन घेतला. "भाईसाहब, मैं लेडीज बोल रही हूँ. उन्होंने जो कहा वो सच कहा. आप अपना हँसना कल के लिए रख लीजिए, हमारे यहाँ जगह नहीं है." आणि कट केला.

"एवढं तोडून बोलायला नको होतं," यजमान हळूच म्हणाले.

"हो का? मग तुम्ही बोलायचं होतंत."

रविवारी सकाळी सवयीनं यजमान निळी बादली घेऊन खाली गेले. गाडी धुतली, फडक्यानं पुसली, बॉनेट उघडलं आणि मग हातात मग धरून तसेच उभे राहिले. कूलंटच्या टाकीच्या झाकणावर काळ्या मार्करनं, ठसठशीत मराठीत लिहिलं होतं: "विजूला विचारल्याशिवाय उघडू नये."

त्यांनी वर पाहिलं. तिसऱ्या मजल्याच्या बाल्कनीत विजूताई तुळशीला पाणी घालत होत्या. खाली त्यांनी पाहिलंही नाही.